"परवानगी मिळाल्यावर खरेदीखत करून देऊ" : एवढ्या वाक्यावर दहा लाख द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातली १ एकर १० गुंठे जमीन. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला बंधन असलेली जमीन) आणि इतर हक्कात कुळकायदा कलम ४३ चा शेरा. सातबारा ज्यांच्या नावे आहे ते आजोबा ऐंशीच्या पुढचे, त्यामुळे सगळी बोलणी थोरला मुलगा करतो. किंमत ४० लाख ठरली, त्यातले १० लाख आत्ता हवेत. कागद ५०० च्या स्टँपवर नोटरीसमोर होणार, सही थोरल्या मुलाची, कब्जा लगेच, आणि खरेदीखत "सर्व परवानग्या व कायदेशीर बाबी पूर्ण झाल्यानंतर". विचारणारे स्वतः खातेदार शेतकरी आहेत. त्यांना हवंय ते इतकंच: याला इसार पावती म्हणायचं की साठेखत, आणि उद्या समोरचा फिरला तर या कागदाच्या जोरावर जमीन मिळेल का?

आहे त्या स्वरूपात नाही मिळणार. व्यवहार मात्र सोडायची गरज नाही. कागद बदलायला हवा.

नावाचं आधी उरकून घेऊ. कागदाच्या डोक्यावर काय छापलंय याला कोर्ट फारशी किंमत देत नाही, आतला मजकूर वाचतं. इसार पावती हा व्यवहार ठरल्याचा आणि थोडी रक्कम पोचल्याचा पुरावा. साठेखत म्हणजे पुढे विक्री करून देण्याचा सविस्तर करार. मालकी फक्त नोंदवलेल्या खरेदीखताने जाते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की विक्रीच्या कराराने मिळकतीत कसलाही हितसंबंध किंवा बोजा निर्माण होत नाही. साठेखत झालं की तुमच्या हातात जमीन नसते. समोरच्याकडून खरेदीखत करून घेण्याचा हक्क असतो. हा हक्क किती दमदार हे शेवटी चार गोष्टींवर ठरतं: वचन कोणी दिलं, कशावर अवलंबून ठेवलं, कधीपर्यंतचं, आणि नाही जमलं तर काय.

तुमच्या कागदात पहिलीच गोष्ट फसली आहे. वडील हयात असताना मुलगा स्वतःच्या सहीने वडिलांची जमीन विकायचा करार करतोय. "पुढेमागे नावावर येणारच आहे" हे गावाकडे सर्रास ऐकू येतं. पण वारस होण्याची नुसती शक्यता ही विकता येणारी वस्तूच नाही, असं त्याच कायद्याचं कलम ६(अ) सांगतं. तशा शक्यतेच्या विक्रीचा करारसुद्धा टिकत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९२३ सालीच ठरवून टाकलंय. कोणी कलम ४३ दाखवेल (हे हस्तांतरण कायद्याचं ४३, कुळकायद्याचं नव्हे; दोन्ही आकडे सारखे असल्याने चांगले लोक गोंधळतात). त्यात असं आहे की मालक नसताना मालक म्हणून मिळकत लिहून दिली आणि नंतर ती मिळकत खरंच त्याच्याकडे आली, तर घेणारा ती मागू शकतो. पण हे संरक्षण समोरच्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून फसलेल्याला आहे. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे की सातबारा वडिलांचा आहे. शिवाय वडिलांच्या पश्चात वारस म्हणून बाकीची मुलं, मुली, आई असतील तर सगळेच येणार. थोरल्याच्या वाट्याला येईल तेवढ्यावरच तुमचं भांडण उरेल, तेही उरलं तर.

जमीन कुळ म्हणून वडिलांना मिळाली असेल तर त्यात मुलांचा जन्मतः हिस्सा आहे की ती वडिलांची स्वतंत्र, यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतात. तो वाद पैसे मोजून घरी आणू नका. लिहून देणार म्हणून वडिलांची सही घ्या आणि झाडून सगळ्या मुलामुलींना संमतीदार म्हणून घ्या. लग्न होऊन गेलेल्या मुलींनाही. "बहिणी काही मागत नाहीत" हे भावाचं म्हणणं असतं, बहिणींचं नव्हे.

वडिलांना कचेरीत येणं झेपत नसेल तर दुय्यम निबंधकांकडे अर्ज करून घरी नोंदणी करून घेता येते. लोक त्याऐवजी कुलमुखत्यारपत्राचा रस्ता धरतात. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत मी तो टाळतो. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं, हा करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ चा नियम. अपवाद आहे, पण तो सिद्ध करत बसावा लागतो. उलट साठेखतावर वडिलांची स्वतःची सही असेल आणि दुर्दैवाने ते खरेदीखताआधी गेले, तर त्याच कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे ते वचन वारसांवर बंधनकारक राहतं. म्हाताऱ्या माणसाकडून साठेखत घ्यावं, मुखत्यारपत्र नको, असं मी सांगतो ते यासाठी. साठेखतात "लिहून देणार यांचे वालीवारस" हे शब्द आपण सवयीने टाकतो. ते नसले तरी कायदा तेच म्हणतो. सूरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेही साफ केलंय की साठेखत अधिक मुखत्यारपत्र अधिक मृत्युपत्र असा गठ्ठा केल्याने मालकी येत नाही.

आता परवानगी. कोणाची, कशाची आणि खरंच लागते का, हे आधी पाहायचं. कुळाने कायद्याखाली विकत घेतलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, हे कुळकायदा १९४८ चं कलम ४३. परवानगीविना केलेला व्यवहार अवैध. पण २०१४ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. कुळाने जमीन खरेदी केल्यापासून १० वर्षं उलटली असतील, तर आकाराच्या ४० पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते. घेणारा शेतकरी हवा, तुकडेबंदी आणि कमाल धारणेच्या मर्यादा पाळल्या पाहिजेत. आकार म्हणजे सातबारावरची शेतसाऱ्याची आकारणी, बाजारभाव नव्हे. एकरभर जमिनीला ही रक्कम बहुधा किरकोळच निघते. तेव्हा कुळकायद्याच्या कलम ३२ ग चा निकाल (कुळाची खरेदी ठरवणारा) आणि ३२ म चं प्रमाणपत्र (ती खरेदी पूर्ण झाल्याचं) मागा आणि त्यावरची तारीख बघा. प्रमाणपत्र जुनं असेल तर "परवानगी मिळेपर्यंत थांबू" या वाक्याला काही अर्थच उरत नाही. नजराणा भरून शेरा कमी करून घ्या आणि थेट खरेदीखताकडे जा. असे दोन-दोन वर्षं लोंबकळलेले व्यवहार मी पाहिलेत, जिथे लागत नसलेल्या परवानगीची सगळे वाट पाहत होते.

हा भाग पश्चिम महाराष्ट्रापुरता. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कुळकायदा, विदर्भात १९५८ चा. तिथली कलमं वेगळी. आणि वर्ग २ म्हणजे दरवेळी कुळकायदाच असतो असंही नाही. वतनाची, सरकारने वाटप केलेली, पुनर्वसनाची जमीनही वर्ग २ मध्येच दिसते आणि त्या प्रत्येकीचा नजराणा नि परवानगीचा मार्ग निराळा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ अ आडवं येतं; तिथे बिगरआदिवासीने इसार देण्याच्याही भानगडीत पडू नये. तुमच्या जमिनीवर वर्ग २ चा शेरा कोणत्या फेरफाराने आला, तो फेरफार काढा. सातबारा फक्त निष्कर्ष सांगतो, कारण फेरफारात असतं.

समजा परवानगी खरंच लागणार आहे. मग तुमचा करार हा सशर्त करार झाला. करार कायद्याची कलमं ३१ ते ३६ यासाठीच आहेत: पुढे एखादी गोष्ट घडली तरच पाळायचा असा करार, ती गोष्ट घडेपर्यंत बजावून घेता येत नाही, आणि ती घडणं अशक्य झालं तर करार निरर्थक ठरतो. इथेच विकणाऱ्याला पळवाट दिसते. त्याने अर्जच केला नाही तर परवानगी येणार कुठून? आणि परवानगी आली नाही म्हणजे आपलं काही देणं लागत नाही, असा त्याचा हिशोब. कोर्ट हे ऐकून घेत नाही. नथुलाल विरुद्ध फूलचंद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कायद्याने परवानगी लागत असेल, तर ती मिळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याने घेतली असं करारात लिहिलेलं नसलं तरी गृहीत धरायचं. म्हणजे कोर्ट विकणाऱ्याला अर्ज करायला लावू शकतं आणि परवानगीच्या अधीन हुकूमनामा देऊ शकतं. पण न लिहिलेली गोष्ट गृहीत धरून घ्यायला वर्षं जातात, लिहायला दोन ओळी लागतात.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातलं मुख्य वाक्य आहे: "सदर मिळकतीच्या सर्व परवानग्या व कायदेशीर बाबी पूर्ण झाल्यानंतर लिहून देणार हे लिहून घेणार यांचे नावे खरेदीखत करून देतील." टायपिस्टकडच्या तयार नमुन्यांत हे वाक्य हमखास सापडतं. यात कोणी काय करायचं हे नाही, किती दिवसांत ते नाही, आणि नाही झालं तर काय तेही नाही. पण सगळ्यात मोठा घोटाळा मुदतीचा आहे, तो नीट समजून घ्या.

करारपूर्तीचा दावा, म्हणजे "मला खरेदीखत करून द्या" हा दावा, तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतीचा कायदा, १९६३, अनुच्छेद ५४. तीन वर्षं कधीपासून? करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून; नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून. आता "परवानगी मिळाल्यानंतर" ही ठरलेली तारीख धरायची की नाही? रमजान विरुद्ध हुसैनी या १९९० च्या निकालात गहाण फिटल्यावर खरेदीखत करायचं होतं. गहाण फिटल्याचा दिवस सांगता येतो म्हणून ती ठरलेली तारीखच, असं तिथे धरलं आणि दावा मुदतबाह्य ठरला. पुढे २००९ मध्ये अहमदसाहब मुल्ला विरुद्ध बीबीजान या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी म्हटलं की तारीख म्हणजे कॅलेंडरमधली तारीख. घेणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा निकाल बरा. पण आपला दावा यातल्या कोणत्या खणात बसतो यावर वकिलांनी कोर्टात तासन्‌तास बोलावं अशी वेळ का आणायची? आणि तारीख नाही म्हणजे मुदतच नाही, अशा भ्रमात राहणाऱ्याला विकणाऱ्याचं एखादं साधं पत्र बुडवतं. "आम्हाला व्यवहार करायचा नाही" एवढं एका ओळीत कळवलं की घड्याळ सुरू. पुढची चार वर्षं तुम्ही गावच्या प्रतिष्ठितांकरवी समजूत काढत बसलात तर दावा गेला. बैठकांनी मुदत थांबत नाही.

मी हे कलम साधारण असं लिहितो:

"लिहून देणार यांनी हा करार नोंदविल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे विक्री परवानगीचा अर्ज करावयाचा आहे व अर्जाची पोच लिहून घेणार यांस द्यावयाची आहे. परवानगी मिळाल्याचे लेखी कळविल्यापासून ६० दिवसांत उर्वरित रक्कम स्वीकारून खरेदीखत नोंदवून द्यावयाचे आहे. खरेदीखताची अखेरची तारीख मात्र कोणत्याही परिस्थितीत दिनांक अमुक ही राहील. लिहून देणार यांनी मुदतीत अर्ज न केल्यास लिहून घेणार यांस तो करण्याचा अधिकार या कराराने दिलेला आहे. परवानगी अंतिमतः नाकारली गेल्यास लिहून देणार यांनी मिळालेली संपूर्ण रक्कम ३० दिवसांत परत करावयाची आहे. तसे न केल्यास त्यावर द.सा.द.शे. ९ प्रमाणे व्याज द्यावे लागेल."

"अमुक" च्या जागी खरी तारीख घाला. कोरी जागा सोडून सह्या करू नका. ती तारीख जवळ आली आणि काम झालं नसेल तर मुदतवाढीचा वेगळा कागद करा, दोघांच्या सह्यांचा, संमतीदारांसह. फोनवरची मुदतवाढ सिद्ध होत नाही.

मुदतीचीच दुसरी बाजू. स्थावर मिळकतीत वेळ हे कराराचं मर्म मानत नाहीत असं ऐकून घेणारे निवांत होतात. विद्यानाडम विरुद्ध वैरवन या १९९७ च्या निकालात घर ६०,००० चं, इसार ५,००० चा आणि मुदत सहा महिन्यांची होती. घेणारा अडीच वर्षं गप्प बसला, तोवर भाव चढले. सर्वोच्च न्यायालयाने खरेदीखत द्यायला नकार दिला. १ ऑक्टोबर २०१८ पासून विनिर्दिष्ट अनुतोष कायदा बदलला आणि करारपूर्ती देणं-न देणं पूर्वीसारखं कोर्टाच्या मर्जीवर राहिलं नाही, हे खरं. तरी त्याचं कलम १६(क) अजून जागेवर आहे: आपण आपली बाजू पाळायला तयार होतो हे घेणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. म्हणून प्रत्येक दाव्यात आम्ही लिहितो, "वादी हे कराराची आपल्या हिश्श्याची पूर्तता करण्यास सदैव तयार व राजी होते व आहेत." उलटतपासात पहिला प्रश्न येतो: उरलेले ३० लाख कुठे होते? पासबुक, ठेवीच्या पावत्या, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, यातलं काहीतरी त्या काळातलं हातात हवं. "नातेवाईक देणार होते" याने काम भागत नाही.

पैशाचं. १० लाखांना कागदात इसार म्हणायचं की किमतीपोटी आगाऊ रक्कम, याने फरक पडतो. इसार ही वचनाची तारण रक्कम. घेणाऱ्याच्या चुकीने व्यवहार फिसकटला तर ती जप्त होऊ शकते. किमतीचा हप्ता मात्र "जप्त होईल" असं लिहिलं म्हणून आपोआप जप्त होत नाही. नुकसान किती झालं ते पाहून करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास हे १९६३ चं प्रकरण यावरचा पाया आहे: १,००० इसार आणि २४,००० पुढचा हप्ता दिलेला होता, विकणाऱ्याला १,००० ठेवू दिले, २४,००० च्या जप्तीला नकार दिला. तेव्हा तुमच्या कागदात १ लाख इसार आणि ९ लाख किमतीपोटी आगाऊ, असं वेगळं लिहून घ्या. सगळी रक्कम बँकेतून आणि वडिलांच्या खात्यावर. अशा व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर आयकर खातं ती स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड करू शकतं, ही माहिती मुलाला द्या म्हणजे तो रोखीचा आग्रह सोडेल.

दावा करायची वेळ आलीच तर खरेदीखताबरोबर पर्यायी मागणी म्हणून रक्कम परत मागायला विसरू नये. न मागितलेली रक्कम कोर्ट स्वतःहून देत नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच नवख्या वकिलांच्याही ध्यानात राहत नाही: घेणाऱ्याने दिलेल्या रकमेचा त्या जमिनीवर कायद्यानेच बोजा असतो, हस्तांतरण कायदा कलम ५५(६)(ब). बोजा वसूल करायची मुदत १२ वर्षं. करारपूर्तीची तीन वर्षं हुकली तरी दिलेले पैसे जमिनीवरून वसूल करण्याचा हा दरवाजा उघडा राहू शकतो. मात्र व्यवहार तुमच्याच चुकीने मोडला असेल तर नाही. इथेही पैसे मालकाला दिलेले हवेत. थोरल्या मुलाला दिलेल्या पैशाचा बोजा वडिलांच्या जमिनीवर कसा बसेल?

कब्जा आत्ता घेऊ नका. मोह होतो, मला कळतं; पेरणी तोंडावर आहे. पण महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद २५ प्रमाणे कब्जा दिलेलं साठेखत हे खरेदीखताइतक्याच मुद्रांकाला पात्र ठरतं. ५०० च्या स्टँपवरचा कागद कोर्टात दाखवला की आधी तो जप्त होऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड बसतो. तो भरल्याशिवाय कागद वाचला जात नाही. कब्जा हवाच असेल तर पूर्ण मुद्रांक भरा. पुढे खरेदीखताच्या वेळी तो वजा मिळतो. हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ मधलं कब्ज्याचं संरक्षण २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना नोंदणीशिवाय मिळत नाही, आणि मिळालं तरी ती ढाल आहे, तलवार नव्हे. त्यावरून मालकी मागता येत नाही. कुळकायदा कलम ४३ च्या जमिनीवर परवानगीआधी कब्जा घेतला तर शर्तभंगाचा विषय निघतो, ते आणखी वेगळं.

नोंदणी मात्र करा, कब्जा नसला तरी. बिनकब्ज्याचं साठेखत नोंदवलंच पाहिजे अशी सक्ती नाही आणि न नोंदवलेल्या कागदावरही करारपूर्तीचा दावा चालतो, हे खरं. पण उद्या मुलाने तीच जमीन तिसऱ्याला वडिलांकडून लिहून दिली, तर तो तिसरा म्हणणार की मला तुमच्या कराराची माहितीच नव्हती. पैसे देऊन, माहिती नसताना घेणाऱ्याला कायदा वाचवतो. नोंदवलेलं साठेखत इंडेक्स टू मध्ये (नोंदणी कार्यालयाच्या सूचीत) दिसतं आणि माहिती नव्हती म्हणायची सोय बंद होते. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. नोटरीने यातलं काहीच साधत नाही. तो फक्त सही कोणी केली ते सांगतो. दाव्यापर्यंत गेलंच, तर महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची नोटीसही दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते, नाहीतर नंतरच्या खरेदीदारावर दाव्याचं बंधन येत नाही.

तुम्ही विचारलं होतं की भावाच्या पुण्यातल्या फ्लॅटला 'ॲग्रीमेंट' नोंदवावंच लागलं, मग जमिनीला का नाही. तो वेगळा कायदा. प्रवर्तकाला (बिल्डरला) रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदवलेल्या कराराशिवाय घेता येत नाही. तुमच्या शेतकऱ्याला ते लागू नाही.

या आठवड्यात करायचं ते असं. ३२ म चं प्रमाणपत्र आणि वर्ग २ चा शेरा ज्या फेरफाराने आला तो, या दोन नकला काढा. वडिलांना प्रत्यक्ष भेटा, मुलाला बाहेर बसवून, आणि त्यांना किंमत किती माहीत आहे ते विचारा. आकडा ४० लाख निघाला तरच मसुद्याचं पुढे बोलू.